परतीच्या पार्सलचा खर्च कोणाचा?

ऑनलाइन लिलावात घेतलेली वस्तू परत करताना कुरिअरचा खर्च घेणाऱ्यानेच सोसायचा, असं ऑनलाइन लिलावांवरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय. ते पटलं नाही. आपलंच मन बदललं तर ठीक, पण माल वर्णनाप्रमाणे नसेल तर आपण का भरायचं? ईबे या लिलावाच्या वेबसाइटच्या मनी बॅक गॅरंटीत, म्हणजे पैसे परत मिळण्याच्या हमीत, अशा वेळी परतीचा खर्च विक्रेत्यावर असतो आणि आधी भरलेला टपालखर्चही परत मिळतो.

मी भुसावळचा. गेल्या वर्षी लिलावात व्हॉल्व्हचा जुना रेडिओ घेतला, वडिलांकडे होता अगदी तसाच. ‘चालू स्थितीत’ असं लिहिलेलं. खोकं उघडलं तर डायलची काच फुटलेली, ट्रान्सफॉर्मर जळालेला. विक्रेता म्हणे, स्वखर्चाने पाठवा, फक्त किंमत परत देतो. नऊ किलोचं धूड ते! जाण्यायेण्याचा खर्च रेडिओच्या निम्म्या किमतीला भिडला. फार जिवाला लागलं.

नंतर कळलं की आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स (ऑनलाइन विक्रीच्या) नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि परतीच्या खर्चाची माहितीही त्याने आधीच द्यायची असते. बोली लावण्याआधी ती माहिती वाचाच, भाऊ. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक आयोगात तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.