अलवरच्या महाराजांची कचरा उचलणारी रोल्स-रॉइस: चासी नंबर कुठाय?

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा टाकला. तुम्हालाही आला असेल. मजकूर थोडक्यात असा: अलवरचे महाराज जयसिंग लंडनमध्ये साध्या कपड्यांत फिरताना रोल्स-रॉइसच्या शोरूममध्ये शिरले. सेल्समनने गरीब हिंदुस्थानी समजून त्यांना बाहेर काढलं. महाराज हॉटेलवर गेले, राजेशाही थाटात परत आले आणि दुकानात होत्या तेवढ्या गाड्या (कुठे सहा, कुठे सात) रोख पैसे मोजून घेतल्या. अलवरला आणून त्या नगरपालिकेला कचरा उचलायला दिल्या. जगभर कंपनीचं हसं झालं, विक्री कोसळली. शेवटी कंपनीने तार करून माफी मागितली आणि आणखी सहा गाड्या फुकट देऊ केल्या. सोबत एक फोटो असतो, पुढच्या चाकांसमोर खराटे बांधलेल्या गाडीचा.

मामांना वाटलेला अभिमान मला कळतो. पण जुन्या गाड्यांचा माग काढण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत, त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

पहिला, अपमानाचा. त्या काळच्या लंडनमध्ये हिंदुस्थानी माणसाला दारातून परत पाठवलं गेलं, हे अशक्य नाही. असे अनुभव अनेकांनी लिहून ठेवले आहेत. पण जयसिंग तिथे अनोळखी नव्हते. १९२३ च्या इम्पीरियल कॉन्फरन्सला, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या सरकारांच्या परिषदेला, ते संस्थानिकांचे प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये होते आणि पुढे पहिल्या गोलमेज परिषदेतही बसले. मेसेजमध्ये दुकानाचा पत्ताही एक नसतो. कधी बॉन्ड स्ट्रीट, कधी बर्कली स्क्वेअर, कधी नुसतंच मेफेअर. कंपनीचं शोरूम तेव्हा काँड्युइट स्ट्रीटवर होतं. शिवाय हीच गोष्ट, हाच सेल्समन आणि हाच सूड मी हैदराबादच्या निजामाच्या नावाने वाचला आहे, पतियाळाच्या भूपिंदरसिंगांच्या नावाने वाचला आहे आणि भरतपूरच्या किशनसिंगांच्या नावानेही. खरी घटना एका माणसाला चिकटलेली असते. राजा बदलला तरी गोष्टीचा एक शब्द हलत नसेल, तर ती लोककथा आहे.

दुसरा मुद्दा गाड्यांचा, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

आपल्याकडे आजही ट्रक घेणारा कंपनीकडून चासी, म्हणजे चाकांवरचा खालचा सांगाडा, घेतो आणि बॉडी दुसरीकडे बांधायला देतो. त्या काळी रोल्स-रॉइसचा व्यवहार नेमका असाच होता. कंपनी इंजिन, चासी, रेडिएटर आणि बोनेट एवढंच विकायची. बॉडी बांधायची बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा कारखान्यांनी. त्यातले जुने कारखाने तर घोड्यांच्या बग्ग्या बांधतच मोठे झालेले. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेले पत्रे, मग रंगाचे हात, प्रत्येक हात वाळवून आणि घासून. आसनं, टप, दिवे, सगळं गिऱ्हाईक सांगेल तसं. त्याला महिने लागत. हिंदुस्थानात जाणाऱ्या गाडीला जास्त मजबूत स्प्रिंग लागायचे, जमिनीपासूनची उंचीही वाढवून घ्यावी लागायची. तयार बॉडीची गाडी दुकानात कधीमधी मिळायची, नाही असं नाही. पण भाजीच्या जुड्या उचलाव्यात तशा सात रोल्स उचलून बोटीवर घालता येत नव्हत्या.

समजा घातल्याच. तरी प्रत्येक चासीला नंबर होता आणि प्रत्येक नंबराचं कंपनीत एक कार्ड होतं. गिऱ्हाइकाचं नाव, बॉडी कुणी बांधली, मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण काय, परदेशी जायची असेल तर कुठल्या बोटीने आणि कुठल्या बंदराला. ही कार्डं नष्ट झालेली नाहीत. इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबने ती पॉलर्सपरीच्या हंट हाऊसमध्ये जपली आहेत आणि नंबर कळवला की त्या गाडीचे कागद मिळतात. म्हणजे सात गाड्या एका महाराजांनी एकाच वेळी घेतल्या असतील, तर सात कार्डांवर एकच नाव आणि लागोपाठच्या तारखा दिसायला हव्यात. हा मेसेज पसरवणाऱ्यांपैकी एकानेही आजवर एक नंबर पुढे केलेला नाही. सात सोडा, एकसुद्धा नाही.

आता ज्यांचा माग लागतो त्या गाड्या पाहा. कोट्याचे महाराव उमेदसिंग दुसरे यांनी १९२५ मध्ये शिकारीसाठी न्यू फँटम हे रोल्सचं मॉडेल घेतलं. बॉडी बार्करची, समोर सर्चलाइट, आणि चासी नंबर २३ आरसी. लोक तिला टायगर कार म्हणतात. ही गाडी २०११ मध्ये अमेरिकेत लिलावासाठी आली, तेव्हा तिच्याबरोबर तिचा इतिहासही आला. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी, महबूब अली पाशांनी, सिल्व्हर घोस्ट या रोल्सच्या त्याआधीच्या मॉडेलची ऑर्डर दिली आणि गाडी हातात पडायच्या आधीच, ऑगस्ट १९११ मध्ये, ते वारले. पिवळ्या रंगाची, मागे सिंहासनासारखं उंच आसन असलेली ती बार्करची गाडी आज चौमहल्ला पॅलेसमध्ये कुणालाही पाहता येते.

खुद्द अलवरच्या दरबाराचीही एक विलक्षण गाडी कागदोपत्री आहे. ती रोल्स नाही, लँचेस्टर आहे. १९२४ ची, चाळीस हॉर्सपॉवरची. मागचा अर्धा भाग इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाच्या बग्गीसारखा बांधलेला आणि पाठीमागे हुजऱ्यांना उभं राहायला जागा. जयसिंगांच्या हौसेबद्दल लिहायचं तर या गाडीवर पानंच्या पानं लिहिता येतील. पण ती फॉरवर्ड होत नाही, कारण तिच्यात सूड नाही.

आपल्या इकडचंही एक उदाहरण देतो, कारण ते फारसं कुणाला ठाऊक नसतं आणि मी कोल्हापूरचा आहे. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. घाट चढत-उतरत ६२० मैल. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट उतरली होती. तिने ते अंतर बिनतक्रार कापलं आणि नंतर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांत रोल्सचं नाव झालं ते अशा घाटांमुळे. आमच्या गावाच्या वाटेवर हे घडलं, याचा मला त्या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त अभिमान वाटतो.

तिसरा मुद्दा फोटोचा. तो मोठा करून बघा. रेडिएटर पाहा. रोल्सचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा असतो, वर त्रिकोणी माथा आणि खाली उभ्या पट्ट्या, सगळं ताठ आणि कोनदार. फोटोतल्या गाडीला तसं काही नाही. मग खराटे पाहा. ते बरोबर चाकांच्या पुढे आहेत, चाकाच्या रुंदीएवढेच. रस्ता झाडायचा असेल तर मधला सगळा पट्टा कोण झाडणार? आणि झाडलेला कचरा भरायला ना पेटी, ना ट्रॉली. त्या खराट्यांचं काम एकच असू शकतं, टायरच्या वाटेतली वस्तू बाजूला सारणं. १९३६ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये अरबांचा संप आणि उठाव सुरू झाला, तेव्हा ब्रिटिशांच्या गाड्या अडवायला रस्त्यांवर खिळे टाकले जायचे. त्यावर उपाय म्हणून चाकांपुढे असे झाडू-ब्रश बांधत. जेरुसलेममधल्या अमेरिकन कॉलनी नावाच्या ख्रिस्ती वसाहतीतल्या छायाचित्रकारांनी त्या धामधुमीचे फोटो काढले आणि तो संग्रह आता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. खराट्याचा अर्थ कचरा, हे आपण आपल्या डोक्यातून त्या फोटोत घातलं.

हिंदुस्थानातही चाकं झाडणारे ब्रश एका गाडीला होते, तेही सांगून टाकतो. कलकत्त्याच्या मॅथ्यूसन नावाच्या गोऱ्या साहेबाने १९१० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची गाडी बांधून घेतली. तिच्या टायरला चिकटणारी हत्तीची लीद निघावी म्हणून ब्रश बसवले होते. चोचीतून वाफेचा फवारा उडायचा, डोळ्यांत दिवे लागायचे. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली, अनेक दशकं त्या घराण्यात राहिली आणि आज हेगच्या लूवमन म्युझियममध्ये आहे. कलकत्ता, नाभा, हेग. माग लागणं म्हणजे हे.

विक्री कोसळल्याचा मुद्दा पटकन संपतो. १९२१ मध्ये कंपनीने अमेरिकेत स्प्रिंगफील्डला दुसरा कारखाना काढला. १९२५ मध्ये नवी फँटम आणली. १९३१ मध्ये बेंटली विकत घेतली. स्प्रिंगफील्डचा कारखाना मंदीत बंद पडला, अलवरच्या कचऱ्याने नव्हे. माफीची तार कुणी छापलेली नाही, आणि फुकट दिलेल्या सहा गाड्यांचीही सहा कार्डं असायला हवी होती.

शिवाय रोल्सकडून हलकं काम करून घेतलं म्हणजे कंपनीची अब्रू गेली, हे गृहीतच चुकीचं आहे. पहिल्या महायुद्धात याच सिल्व्हर घोस्टच्या चासीवर चिलखती गाड्या बांधल्या आणि वाळवंटात पळवल्या. जुन्या रोल्सवर नंतर अँब्युलन्स आणि शववाहिकाही बांधल्या गेल्या. कंपनीला त्याचा अभिमानच होता, की गाडी काहीही ओढते. एखाद्या संस्थानात जुनी गाडी सामान वाहायला लावली असेल, तर मला त्यात नवल वाटणार नाही. पण ती सूडकथा नव्हे, ती काटकसर.

आता मला सगळ्यात जास्त टोचणाऱ्या गोष्टीकडे येतो. या मेसेजने जयसिंग स्वाभिमानाचे पुतळे ठरतात. मे १९२५ मध्ये अलवर संस्थानातल्या निमूचाणा गावी शेतसाऱ्याविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर याच महाराजांच्या फौजेने गोळ्या झाडल्या आणि गाव जाळलं. गांधीजींनी त्याला डायरशाहीच्या वरताण म्हटलं. १९३२-३३ मध्ये मेवातमधल्या मेव शेतकऱ्यांनी करांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर इंग्रजांनी महाराजांना संस्थानाबाहेर काढलं आणि १९३७ मध्ये ते पॅरिसमध्ये वारले. निमूचाणाचं नाव किती जणांना माहीत आहे? त्या गावाच्या वाट्याचं लक्ष एका न सापडणाऱ्या घंटागाडीने खाल्लं.

आणि कचरा उचलणं हा गाडीचा अपमान, या कल्पनेवर सगळी गोष्ट उभी आहे. मग जी माणसं तेव्हा अलवरच्या गल्ल्यांतून डोक्यावर टोपली घेऊन ते काम करत होती, त्यांचं काय? आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबांच्या हातात खराटा होता. आपण तरी ही गोष्ट टाळ्या वाजवत पुढे पाठवू नये.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पण ऐकायला बरं वाटतं ना!" त्यावर मी त्यांना सांगलीकडच्या आबांची गोष्ट सांगितली.

आबांच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एक गाडी होती. आजोबांनी संस्थानातून आणलेली रोल्स, असं सगळं गाव म्हणायचं. रेडिएटरवरचं चिन्ह कधीच गेलेलं. मी बोनेट उचललं, आतल्या पत्र्यावरची पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसत गेलो. अर्धा तास नुसता काळा चिकटा निघत होता. मग अक्षरं दिसायला लागली. हंबर, म्हणजे इंग्लंडचीच दुसरी मोटार कंपनी. मला आबांकडे बघवेना. "आबा, ही रोल्स नव्हे," मी म्हणालो. आबा वाकले, चष्मा वर करून त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "नंबर लागतोय का वाचायला?" लागत होता. दाराच्या उंबऱ्यावर बॉडी बांधणाऱ्याची छोटी पितळी पट्टीही निघाली, तीवर गावाचं नाव होतं. नंबरावरून वर्ष लागलं, वर्षावरून आजोबांच्या कागदांतली पावती सापडली. तोवर ती पावती कुणी उघडूनही पाहिली नव्हती, कारण तिच्यावर रोल्स लिहिलेलं नव्हतं.

आबांनी तो नंबर नातवाच्या वहीच्या पानावर लिहून घेतला आणि पान पावतीला टाचणीने लावलं. आता गावात कुणी रोल्स म्हणालं, की ते घरातून ती पावती आणून दाखवतात.