मटका नाही काका, पण 'अचूक' हा शब्द चुकलाच

काका, (प्रोफाइलवर टर्बाइनवर ३२ वर्षं काढून रिटायर झालो असं लिहिलंय म्हणून काका म्हणतो, चालेल ना?) तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा झोंबली, खोटं कशाला बोलू. मग चहा घेऊन परत वाचली तेव्हा कळलं की तीन मुद्द्यांपैकी दीड तर सरळ बरोबर आहेत. कमेंटच्या चौकोनात मावेना म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी: मागच्या पोस्टमध्ये मी टीसीसी या कणाबद्दल लिहिलं होतं. दोन चार्म क्वार्क आणि अप, डाउनचे दोन अँटिक्वार्क अशी चौघांची मोट (क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते, चार्म त्यातला जड, अप-डाउन हलके, आणि अँटिक्वार्क त्यांची उलटी जुळी), सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने २०२१ मध्ये जाहीर केलेली. तिथे मी बिनधास्त ठोकून दिलं की 'थिअरीवाल्यांनी हे अचूक सांगून ठेवलं होतं'. काकांचं म्हणणं, एक, शंभर जण शंभर आकडे लावतात, एकाचा लागतो आणि तो कॉलर ताठ करून फिरतो, याला आमच्याकडे मटका म्हणतात. दोन, पॅरामीटर फिरवले की काहीही बसवता येतं. तीन, २००३ मध्येही पेंटाक्वार्क (पाच क्वार्कचा कण) सापडला म्हणून बोंब झाली होती, तो कुठे गेला?

तर आधी माफी. अचूक वगैरे काही नव्हतं. शोध लागायच्या आधीचे टीसीसीचे सगळे अंदाज एका कागदावर मांडले तर ते उंबरठ्याच्या खाली ३०० एमईव्हीपासून वर ३०० एमईव्हीपर्यंत पसरलेले दिसतात (एमईव्ही हे वस्तुमान-ऊर्जेचं एकक, दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ईव्ही). उंबरठा म्हणजे डी आणि डी-स्टार या दोन मेसॉनच्या (एक क्वार्क, एक अँटिक्वार्क अशा जोडीच्या कणांच्या) वस्तुमानांची बेरीज, साधारण ३८७५ एमईव्ही. कण त्याच्या वर असेल तर लगेच फुटून दोन मेसॉन होतात, खाली असेल तर तसा फुटता येत नाही. म्हणजे 'बांधलेला आहे की नाही' या साध्या प्रश्नावरच लोकांचं एकमत नव्हतं. या बाबतीत तुम्ही जिंकलात, आणि मूळ पोस्टमधला 'अचूक' मी खोडलाय, खोडलेला दिसेल असाच ठेवलाय.

पण आता प्रत्यक्षात काय निघालं ते बघा. कण उंबरठ्याच्या खाली निघाला तो किती, तर साधारण ०.३६ एमईव्ही! दहा टनांचा ट्रक वजनकाट्यावर उभा आहे आणि तुम्हाला सांगायचंय की आत एक किलो साखरेची पुडी आहे की नाही, त्या मापाची गोष्ट. तुमच्या टर्बाइनच्या भाषेत टॉलरन्स विचाराल तर २०१७ मध्ये कार्लिनर आणि रोसनर या थिअरीवाल्या जोडीने टीसीसीसाठी ३८८२ दिलं होतं, अधिक-उणे १२. टक्केवारीत ही चूक पाव टक्क्याहून कमी, पण उंबरठ्याच्या हिशेबाने मधला आकडा चुकीच्या बाजूला. तुम्ही म्हणाल मग फेल, मी म्हणेन काटाच तेवढा बारीक नव्हता, दोघंही बरोबर. आणि इतका ढिला बांधलेला असल्यामुळे हा कण आकाराने अवाढव्य आहे, एलएचसीबीच्या हिशेबाने साडेसात फर्मीच्या (अणुकेंद्राच्या मापाचं लांबीचं एकक) आसपास, जेव्हा प्रोटॉनची त्रिज्याच ०.८४ फर्मी. मागच्या पोस्टमध्ये मी 'एका पिशवीत चार क्वार्क' असं चित्र रंगवलं होतं ते इथे शोभत नाही, हे दोन मेसॉन लांबून एकमेकांचा हात धरून उभे असल्यासारखं जास्त वाटतं. (यावर भांडणारे आहेत, एक्स(३८७२) हा असाच उंबरठ्याला चिकटलेला कण जपानच्या बेल प्रयोगाला २००३ मध्ये सापडला तेव्हापासून हेच भांडण चालू आहे आणि मिटायची लक्षणं नाहीत.)

आता पॅरामीटरचं. हे ऐकायला मला जास्त त्रास झाला कारण एमएस्सीला असताना मी स्वतः हे केलंय. जवळ कुलॉम्बसारखं आकर्षण, लांब रबर ताणल्यासारखं बळ, अशी दोन पदं घालून चार्म आणि अँटिचार्मच्या जोडीची ऊर्जा काढायची, रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये बसून त्या जोडीच्या जे/साय या कणाचं ३०९७ येईपर्यंत आकडे ढकलायचे. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आलं ना, आता त्याच आकड्यांनी पुढची पातळी काढ आणि आकड्यांना हात लावू नकोस. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळून षड्ज लावणं हे कौतुक नाही, खुंट्यांना हात न लावता पुढचं गाणं सुरात आलं तर ते खरं. तर कार्लिनर-रोसनर यांनी २०१४ मध्ये दोन चार्म असलेल्या बॅरिऑनचं (तीन क्वार्कच्या कणाचं) वस्तुमान सांगितलं होतं ३६२७, अधिक-उणे १२. २०१७ मध्ये एलएचसीबीला तो सापडला, ३६२१. तीन वर्षं आधी, खुंट्या पिळून झाल्यावर, हात मागे बांधून. याला मटका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टीसीसीचा ३८८२ हा आकडा मग त्या मोजलेल्या ३६२१ वरच उभा केला होता.

तिसरा मुद्दा, २००३चा पेंटाक्वार्क. थीटा प्लस. खरं सांगू, हा तुमचा सगळ्यात भारी बाण आहे आणि तुम्ही तो अर्धाच ताणलात. १९९७ मध्ये त्याचा अंदाज होता १५३० एमईव्ही, २००३ मध्ये जपानमध्ये स्प्रिंग-८ला मिळाला १५४०च्या आसपास, मग जगभरात दहाएक प्रयोगांनी 'आम्हालाही दिसला' म्हटलं, आणि २००५ मध्ये अमेरिकेत क्लास प्रयोगाने भरपूर जास्त डेटा घेतला तर शून्य. म्हणजे बघा, आकडा दहा एमईव्हीत जुळला आणि वस्तूच नाही! त्यामुळे आकडा जुळणं हा पुरावा धरायचाच नाही असं मी तुमच्याही पुढे जाऊन म्हणतो. विचारायचं ते हे की कण का असावा याचं कारण काय, आणि ते कारण दुसरीकडे तपासता येतं का.

जड क्वार्कच्या बाबतीत कारण आहे, आणि ते १९८२ पासून आहे, आदेर, रिशार आणि टॅक्सिल यांचं. हायड्रोजनचा रेणू घ्या, दोन प्रोटॉन दोन इलेक्ट्रॉन, तोडायला साडेचार ईव्ही लागतात. प्रोटॉन काढून तिथे पॉझिट्रॉन ठेवा, विद्युतभार तेवढाच, बळ तेच, फक्त वजन घटलं, तर तो रेणू तोडायला जेमतेम ०.४ ईव्ही पुरतात. का, तर हलकी वस्तू एका जागी बसवायला गेलं की तिची गतिज ऊर्जा वाढते, जड वस्तू गप बसते. दोन जड क्वार्क तसेच, एकमेकांना खेटून बसतात, जवळच्या आकर्षणाचा पुरेपूर फायदा घेतात, आणि लांबून बघणाऱ्या हलक्या अँटिक्वार्कना ती जोडी रंगाच्या (क्वार्कच्या विद्युतभारासारख्या गुणाच्या) हिशेबाने एकच जड अँटिक्वार्क असल्यासारखी भासते. क्वार्क जितके जड तितकं बंधन पक्कं. थीटा प्लसमध्ये सगळे हलके, तिथे हा आधारच नव्हता.

आता चार्मच्या जागी बॉटम घाला, जो तिपटीहून जड. इथे मात्र पसारा आवरतो. कार्लिनर-रोसनर म्हणतात उंबरठ्याच्या २१५ एमईव्ही खाली, आइख्टेन आणि क्विग म्हणतात १२१, आणि आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरच्या निलमणी माथुर यांनी जुन्नरकर आणि पद्मनाथ यांच्याबरोबर २०१९ मध्ये लॅटिसवर, म्हणजे अवकाश-काळाची जाळी करून कॉम्प्युटरला जुंपून, काढलं १४३, अधिक-उणे ३४. नंतरची काही लॅटिस गणितं १०० ते ११०च्या आसपास उतरली. आकडे अजूनही जुळत नाहीत हे मान्य, पण पद्धती अगदी वेगवेगळ्या असून सगळ्यांचं बोट उंबरठ्याच्या खालीच, तेही अर्ध्या-पाऊण एमईव्हीने नाही, शंभरच्या घरात. चार्मसाठी साखरेची पुडी शोधायची होती, इथे ट्रकमध्ये एक-दोन क्विंटल माल कमी आहे का एवढंच विचारतोय.

सापडला का? नाही. एकाच टकरीत बॉटम-अँटिबॉटमच्या दोन जोड्या निघाव्या लागतात आणि त्यातले दोन बॉटम नेमके एकमेकांजवळ यावे लागतात. दोन बॉटमवाला साधा बॅरिऑनसुद्धा अजून कुणी पाहिलेला नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, 'चुकलो असं तुम्ही लोक कधी म्हणणार?' तारीख नाही देता येत पण अट देतो. दोन बॉटमवाला हा कण उंबरठ्याच्या वर, १०,६०४ एमईव्हीच्या पलीकडे सापडला आणि तिथून बी आणि बी-स्टार या बॉटमवाल्या मेसॉनमध्ये फुटताना दिसला, तर १९८२ पासूनचा हा सगळा युक्तिवाद गेला, आणि मी इथेच मोठ्या अक्षरात 'काका बरोबर होते' लिहीन. तुमची अट काय ते तुम्ही लिहा. आणि कमेंटमधल्या त्या बेअरिंगच्या व्हायब्रेशनवाल्या किश्श्याचं पुढे काय झालं, अर्ध्यावर सोडलात.