'सातारकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सातारकर,

कोलाट्झच्या कोड्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया रात्री वाचली आणि झोप उडाली. इतर वाचकांसाठी ते कोडं सांगतो : कुठलीही संख्या घ्या; सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून 1 मिळवा, आणि हेच करत राहा. शेवटी दर वेळी 1 येतोच का? आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करतो. 27 पासून 1 पर्यंत यायला 111 पायऱ्या लागतात, मी 112 लिहिलं होतं. मोजताना खुद्द 27 सुद्धा धरला गेला. लेखात दुरुस्ती केली आहे. वाटेत तो 9232 पर्यंत चढतो, ते मात्र बरोबरच होतं.

आता तुमचं ते वाक्य : "संगणकाने 2 च्या 68 व्या घातापर्यंत सगळ्या संख्या तपासल्या, तरी कोलाट्झचं कोडं सुटलेलं नाही म्हणत बसणं ही मास्तरी खोड आहे."

मास्तर तर मी आहेच. तीस वर्षं सांगलीत पोरांना गणित शिकवलं. 'खोड' हा शब्द मात्र लागला. माझं आजोळ साताऱ्याचं, तिकडचं रोखठोक बोलणं मला परकं नाही. पण नाव न सांगता दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाला खोड म्हणणं, याला आमच्या आजोळी रोखठोक म्हणत नसत.

शिवाय तुमचा आकडा जुना आहे. 2025 मध्ये ही तपासणी 71 व्या घातापर्यंत पोचली. तरीही सिद्धता झाली नाही, कारण संख्या तिथे संपत नाहीत. पोल्या या गणितज्ञाने 1919 मध्ये एक अंदाज मांडला होता : कुठपर्यंतही मोजा, ज्यांचे मूळ अवयव (पुन्हा आलेले धरून) विषम भरतात अशा संख्या निम्म्याहून कमी कधीच पडणार नाहीत. तपासाल तिथे खरा ठरायचा. 1958 मध्ये तो खोटा ठरला, आणि पहिल्यांदा मोडतो तो 906150257 ला! तोवर नव्वद कोटींवर संख्यांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली होती.

माझंच सांगतो. आमचं घर सांगलीच्या गावभागात. 2005 च्या महापुरात पाणी उंबऱ्याला टेकून परत गेलं. वडील म्हणायचे, याच्यावर कृष्णा येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आमच्या माळ्याखालचं सगळं बुडालं, माझ्या वह्यांसकट. त्यात कोलाट्झवरच्या अकरा वह्या होत्या. 'आजवर झालं नाही' या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा, ते मला कोणी शिकवायला नको.

आणि लेखातल्या ज्या भागाला तुम्ही 'पानभरती' म्हणालात, त्या व्यापक रूपातच, म्हणजे नियमातले आकडे बदलून पाहण्यातच, तुमचं उत्तर होतं. वरच्या नियमात आता 1 मिळवण्याऐवजी वजा करा. 5 चे 14, मग 7, 20, 10 आणि पुन्हा 5. पोचली का 1 पर्यंत? 17 घेतलात तर अठरा पायऱ्या फिरून परत 17 वरच याल. तिपटीच्या जागी पाचपट करून 1 मिळवा, तर 13 फिरून 13 वरच येतो. एवढ्याशा बदलाने जे मोडतं, ते मूळ नियमात का मोडत नाही याचं कारण द्यायला नको? गणितज्ञ कॉनवेने तर 1972 मध्ये दाखवून दिलं की असे नियम व्यापक केले, तर कुठलाही नियम दिला तरी निकाल देईल अशी एकच रीत असूच शकत नाही. हा भाग न वाचताच तुम्ही लिहिलंत, असं मला स्पष्ट वाटतं.

गणितज्ञ टेरेन्स टाओचं नाव लेखात 'वजन पाडायला' घेतलं नव्हतं. 2019 चं त्याचं काम 'जवळजवळ सगळ्या' संख्यांबद्दल आहे, सगळ्या नव्हे, एवढंच मला म्हणायचं होतं. भाषा जड वाटली, त्याला माझा इलाज नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर एक करून या. पाचपटीच्या नियमात 7 पासून सुरुवात करा : 36, 18, 9, 46, 23, 116... हा आकडा चढतच जातो असं दिसतं, पण तो कायम चढत राहील हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. तुमच्या हिशेबाने ते सुटलं की नाही, तेवढं कळवा.