ताणली म्हणून सुटली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर दोन ओळींत गुंडाळत नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर कार्बन फायबरच्या नक्षीचं विनाइल (मागे गोंद असलेली प्लास्टिकची फिल्म) घरच्या घरी कसं लावायचं, ते मी लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही दारावरचं काचांच्या बटणांचं पॅनेल आणि गियरभोवतीची चौकट रॅप केली, म्हणजे या फिल्मने मढवली. पहिल्याच उन्हाळ्यात पॅनेलच्या कडा सुटल्या. तुमचं म्हणणं असं की हेअर ड्रायरने हे काम होतच नाही, खूप गरम हवा फेकणारी हीटगनच लागते. सगळीकडे प्रायमर (गोंद घट्ट धरावा म्हणून आधी लावायचा द्रव) मारा असं न सांगून मी वाचकांना खड्ड्यात घातलं. आणि मुळात नकली कार्बन मिरवणं हाच दिखाऊपणा आहे.

आधी कडांचं बघू. गोंद कमी पडला असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही, कारण तुम्हीच पुढे लिहिलंय, ‘कोपऱ्यावरची नक्षीसुद्धा वाकडी दिसते.’ या फिल्मची गंमत अशी की ती चुगली करते. साधी काळी मॅट फिल्म कोपऱ्यात कितीही ओढा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. इथे मात्र ट्विल विणीच्या तिरक्या रेघा असतात. सपाट भागावर त्या एकाच कोनात जातात, आणि जिथे ताण पडला तिथे फाकतात. विणीचे चौकोन लांबुळके होतात. तुमच्या रेघा वळल्यात, म्हणजे तिथे फिल्म चांगलीच ओढली गेली. ओढलेलं विनाइल संधी मिळताच मूळ मापाला परत जायला बघतं. थंडीत गोंद त्याला धरून ठेवतो. उन्हात गोंदही मऊ पडतो, आणि फिल्म कडेकडून मागे सरकायला लागते.

उन्हात म्हणजे किती, तेही सांगतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांची मापं प्रसिद्ध केली होती. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअस, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. घरातल्या टेबलावर दोन दिवस छान बसलेली कड या परीक्षेत पास होईलच असं नाही.

आता फिल्मबद्दल. तुम्ही ‘५डी’ लिहिलेला चकचकीत रोल घेतला होतात. हे ३डी, ४डी, ५डी म्हणजे विकणाऱ्यांची भाषा. पृष्ठभागावर खोली किती भासते आणि चकाकी किती, एवढंच त्यातून कळतं. टिकण्याचं माप त्यात नाही. विचारायचं ते एवढंच, की फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड. कास्ट फिल्म पातळ द्रवातून ओतून भट्टीत सुकवतात, त्यामुळे तिच्यात बनतानाचा ताण जवळपास राहत नाही. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांमधून दाबून, ओढून काढतात. तो ओढलेपणा तिच्यात राहतो, ती बहुधा जाडही असते, आणि तापली की आक्रसते. रोलवर कुठेच ‘कास्ट’ लिहिलेलं नसेल तर ती कॅलेंडर्ड आहे असंच धरून चाला. सपाट पट्टीवर तीही वर्षानुवर्षं राहते. बटणांच्या खाचा असलेल्या पॅनेलवर मात्र ती भांडते.

हीटगनचा मुद्दा अर्धा खरा आहे. कास्ट फिल्म कोपऱ्यात ताणावीच लागली, तर शेवटी त्या जागेला ९०-१०० अंशांपर्यंत तापवून मूळ मापाला परत जायची तिची ‘आठवण’ पुसावी लागते. हे हेअर ड्रायरने भरवशाने होत नाही, कबूल. पण गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावर चालणारा हा उपाय आत तसाच उचलता येत नाही. आतल्या बऱ्याच पट्ट्या एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हीटगनच्या तोंडाशी हवा ५०० अंशांच्या पुढेही जाते. क्षणभर हात थांबला की क्लिपचं नाजूक नाक वाकतं, आणि मग पट्टी दारात परत बसत नाही. सवय असलेला कारागीर इन्फ्रारेड थर्मामीटर समोर धरून हे करतो. नवख्या माणसाच्या हातात मी हीटगन देणार नाही, तुम्ही कितीही रागावलात तरी. ताण द्यायची वेळच येणार नाही अशी फिल्म बसवा, म्हणजे तेवढी उष्णता लागतच नाही. हेअर ड्रायर फक्त फिल्म लवचिक करायला, दुमड बसवायला.

तुमचंच पॅनेल घेऊ. ते क्लिपांमधून सोडवून, बटणं काढून टेबलावर ठेवलंय असं समजा. फिल्म चारी बाजूंनी बोटभर जास्त कापलेली. आधी मधला सपाट भाग चिकटवा, फेल्टचं मऊ कापड लावलेल्या स्क्वीजीने, म्हणजे फिल्म दाबून बसवायच्या पट्टीने, मधून बाहेर. मग लांब कडा, कोपरे अगदी शेवटी. बहुतेक जण इथे बाहेरचा कोपरा पकडून फिल्म खाली ओढतात, सुरकुती जाते आणि छान वाटतं. ती सुरकुती म्हणजे जास्तीची फिल्म. ती ओढून जिरवायची नसते. दोन्ही बाजू दुमडून कोपऱ्यावर मधोमध चिमटीत धरा, तिथे छोटा पंख उभा राहील. तो मागच्या बाजूला वळवून कात्रीने काढून टाका. बटणांच्या खिडकीत याच्या उलट. तिथे फिल्म कमी पडते, म्हणून खिडकीच्या मध्यातून चारी आतल्या कोपऱ्यांकडे तिरके काप द्यायचे, पण कोपऱ्याच्या दोनेक मिलिमीटर आधी थांबायचं. काप कोपऱ्याला भिडला तर दुमडताना तो चिरत दर्शनी भागावर येतो आणि खालचं राखाडी प्लास्टिक डोकावतं. आधी थांबलं, तर उरलेली फिल्म किंचित गरम केल्यावर निमूट आत वळते. मागे निदान ५-६ मिलिमीटर दुमड मिळाली पाहिजे. तुम्ही बहुतेक कडेलाच कापलंत, कारण तुम्ही ‘पट्टी न काढताच लावली’ असं एका वाक्यात उरकलंय. जागेवरच कडेशी कापलेल्या फिल्मला धरायला मागे काहीच नसतं, आणि बोटाचं नख रोज तिथेच लागतं.

स्वच्छतेबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘ओल्या फडक्याने नीट पुसलं होतं.’ पाण्याने धूळ जाते, सिलिकॉन जात नाही. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये बहुतेकदा सिलिकॉनचं तेल असतं, ते दाणेदार प्लास्टिकच्या खळग्यांत बसतं, आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवून, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. एका फडक्याने लावायचं आणि सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं, नाहीतर मळ जागा बदलतो, जात नाही. मागची दुमडायची कडही अशीच पुसायची. ती सगळे विसरतात. ॲसिटोनच्या वाटेला जाऊ नका, एबीएस त्यात विरघळतं. आणि काही गाड्यांत प्लास्टिकवर रबरासारखा मऊ लेप असतो, तो जुना झाला की चिकट होतो. त्यावर रॅप लावू नये. गोंद लेपाला धरतो, लेप प्लास्टिकला सोडतो, आणि दोष फिल्मच्या माथी येतो.

प्रायमर सगळीकडे हे मात्र मला मान्य नाही. थ्री एम कंपनीचं ९४ नंबरचं प्रायमर उत्तम आहे, पण ते पाठीमागच्या दुमडीवर आणि खोल खाचेत पातळ हात मारण्यापुरतं. दर्शनी भागावर मारलंत तर फिल्म उचलून पुन्हा बसवायची सोय गेली, गोंदातल्या हवा बाहेर काढणाऱ्या बारीक नाळ्यांचा उपयोग गेला, आणि पुढे कधी फिल्म काढायची झाली तर खरवडत बसा. शिवाय त्यात ज्वालाग्राही द्रावक असतात; बंद गाडीत बसून मारायची ती वस्तू नव्हे.

दिखाऊपणाबद्दल वाद घालत नाही, आवड ज्याची त्याची. फक्त ‘खऱ्या’ची बाजू घेताना थोडं जपून. १९८१ साली मॅक्लारेनच्या एमपी४/१ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी कार्बन फायबरचा सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये आणला, तेव्हा वजन आणि मजबुती हे कारण होतं. गियरभोवतीच्या चौकटीवर कसलाच भार नसतो. तिथला खरा कार्बनही शोभेचाच. आणि विनाइलची नक्कल काही आजची नाही. फोर्डच्या कंट्री स्क्वायर वॅगनच्या अंगावर १९६०-७० च्या दशकांत दिसणारं लाकूड विनाइलचंच होतं, थ्री एमच्या डाय-नॉक नावाच्या फिल्मचं. पुढे त्याच डाय-नॉक नावाने कार्बनच्या नक्षीची फिल्म आली. हं, तुकड्या-तुकड्यांवर विणीची दिशा वेगवेगळी असेल तर ते मलाही बघवत नाही. सगळे तुकडे कापण्याआधी मागच्या कागदावर एकाच बाजूला बाण काढून घ्या.

तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी एकाने स्टिअरिंगचा मधला भाग रॅप करू का, असं विचारलंय. नाही. एअरबॅगच्या झाकणावर, डॅशबोर्डच्या प्रवाशासमोरच्या भागावर, काचांच्या बाजूच्या खांबांवरच्या एअरबॅगची खूण असलेल्या पट्ट्यांवर काहीही चिकटवायचं नाही. ती झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटावीत अशीच बनवलेली असतात. डॅशबोर्डच्या माथ्यावरही चकचकीत फिल्म नको. तिचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि दुपारी रस्ता दिसेनासा होतो.

तुमच्या पॅनेलचं आता काय करायचं? फिल्म हाताला सोसेल इतकी गरम करून, जवळजवळ उलटी दुमडत सावकाश ओढा, गोंद राहिला तर अल्कोहोलने निघेल. मग पॅनेल काढून पाठ बघा. दोन बाणांच्या टोकांमध्ये प्लास्टिकचं नाव इंग्रजी आद्याक्षरांत कोरलेलं असतं. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर कास्ट फिल्म घेऊन वर लिहिल्याप्रमाणे पुन्हा लावा, प्रायमरशिवाय. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन निघालं, तर त्यावर गोंद मुळातच कमी धरतो. तिथे दुमडीवर प्रायमर मारा. काय कोरलंय ते इथेच कळवा, दोन्ही पट्ट्यांचं.