सातपूरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'सातपूरकर' या टोपणनावाने लिहिणारे वाचक,

फाइल सर्व्हरचं घड्याळ टाइम होस्टशी (नेटवरून अचूक वेळ देणाऱ्या संगणकाशी) जुळवण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया आली. आपण म्हणता: वेळ विचारायचं पोर्ट 123 टीसीपी नसून यूडीपी आहे (नेटवरून माहिती पाठवायच्या या दोन पद्धती), एकाच होस्टवर विसंबू नये, किमान चार द्यावेत, एनटीपीडेट (घड्याळ एकदाच जुळवणारा प्रोग्रॅम) आता कुणी वापरत नाही, क्रॉनी (सतत जुळवत राहणारा) वापरावं, चालत्या सर्व्हरचं घड्याळ झटक्यात मागे नेऊ नये. आणि शेवटी, "चालता सर्व्हर तुम्ही कधी हाताळलेला दिसत नाही, थोडं वाचून लिहा."

यूडीपीचं मान्य. लिहिताना हात घसरला, दुरुस्त केलं आहे. चूक झाली की मी कबूल करतो, माझा स्वभावच तसा आहे.

आता ते शेवटचं वाक्य. मुद्दा मांडा, हरकत नाही. पण माणसाला न ओळखता "हाताळलेला दिसत नाही"? मी 2006 साली नाशिकमधल्या अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सांबाचा फाइल सर्व्हर बसवला तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. यूपीएसची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकायची. रात्री सर्व्हर बंदच ठेवावा लागे, म्हणून बॅकअप आणि घड्याळ जुळवणं दोन्ही दुपारी दीडला, डबे उघडायच्या वेळी. लेखात दीडची वेळ दिली ती तिथूनच आली आहे, हवेतून नाही. आपण सातपूरकर म्हणवता, तर ते दिवस आपल्यालाही आठवत असावेत. की नाव नुसतं शोभेला घेतलंय?

त्या सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे गेलं होतं. साध्या क्वार्ट्झचा दोष दहा लाखांत वीस भाग धरला तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. आठ महिने कुणी बघितलं नाही की सात मिनिटं. मी काय केलं असतं? आपण म्हणता, हळूहळू सरकवा. एनटीपीडी (क्रॉनीसारखाच, पण जुना प्रोग्रॅम) सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद सरकवतं, म्हणजे एक सेकंद भरून काढायला 2000 सेकंद, सात मिनिटांना पावणेदहा दिवस! तोवर मालकाने मला गेटवरूनच परत पाठवलं असतं. (क्रॉनी हे काम दीड तासाच्या आत करतं, ठाऊक आहे. त्या सर्व्हरवर ते नव्हतं. विषय संपला.)

मी सरळ एनटीपीडेट चालवलं. फरक अर्ध्या सेकंदाहून जास्त असला की ते झटकाच देतं, आणि दिला. सर्व्हरच्या घड्याळात 1:30 ला बॅकअप झाला होता. 1:33 चे 1:26 झाले. 1:28 ला एका डिझायनरने, सगळे जेवत असताना, एक ड्रॉइंग सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशीचा बॅकअप "काल 1:30 नंतर बदललेल्या फाइली" शोधत आला आणि त्या ड्रॉइंगला वगळून गेला. त्याच आठवड्यात डिस्क गेली. ते एक ड्रॉइंग पुन्हा काढावं लागलं, दोन दिवस. पण बाकी सगळं परत मिळालं, आणि जेवायच्या सुट्टीत त्याने कामाला बसायलाच नको होतं. आता सांगा, चालता सर्व्हर कुणी पाहिलाय आणि कुणी नाही?

चार होस्टचं म्हणाल, तर मी दिलेला होस्ट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा आहे. भारतीय प्रमाणवेळ तिथेच राखली जाते. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतही त्याच प्रयोगशाळेचं आणि एनआयसी या सरकारी संगणक केंद्राचं नाव आहे. यापेक्षा खात्रीचं आपल्याकडे काही असेल तर कळवावं. नेट गेलं तर काय, हा प्रश्न आपण विचाराल. नेट गेलं तर चारही होस्ट जातात.

आणि डोमेनमधल्या (सगळ्या संगणकांना एकच खातं चालतं त्या) लॉगिनला घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, एवढं मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचलंत का? वाचायचा सल्ला आपलाच आहे.

जाता जाता: लेखातल्या क्रॉनच्या (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या) ओळीत दुपारी दीडऐवजी पहाटे तीन केलं आहे, आणि बॅकअप त्यानंतर एक तासाने. हल्ली रात्री वीज असते, म्हणून. आपल्या प्रतिक्रियेशी त्याचा संबंध नाही.