‘धूर मागच्या मागे जातो’ म्हणे!

‘स्कूलबसचा धूर मागच्या मागे निघून जातो, खिडक्या बंद ठेवल्या की मुले सुरक्षित राहतात, नवे इंजिन तर धूरच सोडत नाही आणि इंजिन सारखे बंद-चालू केल्याने डिझेल जास्त जळते’ अशा आशयाचा संदेश काल थोरल्या बहिणीने मला पाठवला, तोही ‘चला, माझी काळजी मिटली’ असे लिहून. तिचा मुलगा रोज बसने शाळेत जातो, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक विधान खिडक्यांचे आहे. लॉस एंजेलिसमधील स्कूलबसवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी बसच्या धुरात सल्फर हेक्झाफ्लोराइड हा सहज हुडकता येणारा वायू मिसळला आणि त्याच बसच्या आत तो किती येतो हे मोजले. तपासलेल्या प्रत्येक बसमध्ये तो सापडला. जुन्या बसमध्ये अधिक आणि खिडक्या बंद असताना आणखी अधिक. म्हणजे संदेशकर्ता ज्याला उपाय म्हणतो, त्यानेच बसचा स्वतःचा धूर आत कोंडतो. शिवाय धूर केवळ सायलेन्सरमधून येतो, हेही खरे नाही. पिस्टनच्या रिंगांतून निसटलेला वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, साठतो आणि जुन्या इंजिनांत तो एका नळीवाटे बॉनेटखालीच सोडलेला असतो. इंजिन पुढे असलेल्या बसमध्ये दार तिथून जवळच असते आणि प्रत्येक थांब्यावर ते उघडते, त्यामुळे हा धूर मुलांच्या बरोबरीने पुढूनच बसमध्ये चढतो. पुढे धूर ओकणारा ट्रक असेल तर तेवढ्यापुरती खिडकी लावून घ्यावी, एवढे मात्र मी मान्य करतो.

नव्या इंजिनाची गोष्ट अर्धी खरी आहे: काजळी अडवणारा फिल्टर धड असेल तर धूर खरोखरच पुष्कळ कमी होतो. परंतु धूर दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असे मानणे चूक आहे, कारण २.५ मायक्रॉनहून बारीक कण सुटे सुटे डोळ्यांना दिसत नाहीत. आणि डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच कर्करोगकारक ठरवले आहे.

राहिला डिझेलचा हिशेब. काही सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यालाच कमी डिझेल लागते. शाळा सुटताना बसगाड्या रांगेत उभ्या असतात, पुढच्या बसचा सायलेन्सर मागच्या बसच्या उघड्या दाराकडे तोंड करून असतो आणि मुले त्याच दारातून चढत असतात; निदान तेवढा वेळ तरी इंजिन बंद असते का, हे बसवाल्या काकांना उद्याच विचार, असे मी बहिणीला कळवले आहे.