कोणाकडे इलास?

सकाळपासून डोकं फिरलंय. गुरुजींनी शाळेतल्या झेंडावंदनाचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. ११ पोरं, त्यातली ७ नेपाळी. लगेच नालासोपाऱ्याहून भावकीतल्या एकाचा मेसेज, "गावात बहादूर लय झाले, काय ता बघूक होया." खाली धडाधड अंगठे. त्यात गावात राहणाऱ्याचा एकही नाही!

माझंच सांगतो. गेल्या मे महिन्यात देवगडला उतरून बॅग घेऊन घाटी चढत होतो. वर गडग्यावर सातेक वर्षांची नेपाळी पोर बसलेली, कोपरापर्यंत आंब्याचा रस. मला बघून म्हणते, "कोणाकडे इलास?" माझ्या गावात, मला! तेही अशा मालवणीत की माझ्या मुलाला सात जन्मांत जमणार नाही. खोटं कशाला बोलू, राग आला. आईचं नाव सांगितलं तर ही पुढे पळत सुटली, "आये, तुझो झील इलो!"

२००१ ते २०११ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढायची सोडून १९ हजारांनी घटली. ती काय नेपाळ्यांनी हाकलली? आपणच कुलपं लावून गेलो ना? मग कलमांवर फवारणी कोण करणार? वानरांमागे कोण धावणार? एप्रिलच्या उन्हात आंबे उतरवायचा झेला घेऊन शेंड्यावर कोण चढणार, रात्री खोपीत राखण कोण करणार? तुझो झील? वाशीला पेटी गेली की 'अस्सल देवगड' म्हणून मिरवायला मात्र आपण पुढे. आणि ती ७ पोरं नसती तर शाळेला कधीच टाळं लागलं असतं.

चोऱ्या झाल्यात, मान्य. कामगारांची पोलीस ठाण्यात नोंद व्हायलाच हवी. बागवालेच टाळतात, तो भाग वेगळा.

आणि बहादूर हे त्यांचं नाव नाही रे बाबांनो. माझे आजोबा गिरगावात घरगडी होते. त्या बिऱ्हाडात त्यांना 'रामा' म्हणायचे. कोकणातून आलेला गडी म्हणजे रामा, खरं नाव विचारतो कोण? आजोबा हे हसत सांगायचे. आजी तेवढ्यात उठून चुलीकडे जायची.

त्या पोरीचे आईबाप आता मिरगालाही नेपाळला जात नाहीत, आमच्या मांगराजवळच राहतात. माझी आई ७८ वर्षांची. संध्याकाळी तिच्या ओट्यावर कोण बसतं, ते मला डोंबिवलीत बसून पक्कं माहीत आहे. हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहितो.

हे सगळं ग्रुपवर टाकणार होतो. मग आठवलं, पोरीचं नाव मे महिन्यात मीपण विचारलं नव्हतं. म्हणून आत्ता आईला फोन लावला. उचलला तिनेच.

"आये न्हाणयेत आसा. कोण तुमी?"